दोन सातबाऱ्यांच्या मधे

बुलढाणा जिल्ह्यात घराची ऐपत विचारायची तर पगाराच्या आधी ‘रान किती?’ असे विचारतात. सोयरीक जुळवताना हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघतो. मुलीकडची माणसे एकर विचारतात, कोरडवाहू की बागायती हे विचारतात, विहिरीचे पाणी उन्हाळ्यात कुठवर टिकते हेही विचारतात आणि मगच सुपारी फुटते. पुढे तेच लग्न मोडले आणि बाई पोटगी मागायला कोर्टात उभी राहिली, की त्याच रानाचे वर्णन बदलते. जमीन वडिलांच्या नावावर आहे, वाटणी झालेली नाही, दोन हंगाम सोयाबीन हाती लागले नाही, नवरा लोकांच्या शेतात रोजाने जातो. लग्न ठरताना बारा एकर असलेले रान लेखी जबाबात शून्यावर येते.

हे पुस्तक या बदललेल्या वर्णनाबद्दल आहे. घटस्फोट झाला, मुलांच्या पोटगीचा प्रश्न आला, तर वाडवडिलांकडून आलेल्या किंवा येणाऱ्या मिळकतीचे काय होते? बायकोला त्यात वाटा मिळतो का? मुलांचा हक्क राहतो की बापाच्या नव्या संसाराबरोबर जातो? बाईला तिच्या माहेराकडून काही आले असेल, तर ते तिच्या पोटगीच्या आड येते का? घाटावर चिखली-मेहकरपासून घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्यापर्यंत हे प्रश्न सारखेच विचारले जातात. उत्तरे मात्र ऐकीव असतात आणि बहुतेक वेळा अर्धी असतात.

बाईच्या बाजूने झालेले या जिल्ह्याचे लेखन जुने आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापले गेले. पुरुषाने दुसरे लग्न केले तर चालते आणि बाईने पाऊल वाकडे टाकले तर तिला जगणे मुश्कील होते, हा दुटप्पीपणा त्यांनी त्या काळात कुणी बोलत नसे इतक्या उघडपणे मांडला. ताराबाईंच्या वडिलांनी त्यांच्यासाठी घरजावई केला होता आणि त्या माहेरीच राहिल्या, हा तपशील आपल्या विषयासाठी महत्त्वाचा आहे. पायाखाली स्वतःचे घर असलेली बाई कसे बोलते, ते त्या पुस्तकात दिसते. तशी जमीन ज्यांच्या पायाखाली नाही त्यांच्यासाठी कायदा काय करतो, हे पुढच्या प्रकरणांत पाहायचे आहे.

सुरुवात नकारापासून करावी लागते. आपल्याकडे नवराबायकोची मिळकत लग्नामुळे एक होत नाही. ज्याच्या नावावर जे आहे ते त्याचे. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम २७ खाली न्यायालय फक्त लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या सामाईक मालकीच्या वस्तूंबद्दल आदेश देऊ शकते. नवऱ्याला आजोबा-वडिलांकडून आलेली जमीन घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात निम्मी होत नाही. ‘अर्धं रान माझं’ ही समजूत गावात पक्की आहे, पण तिला कायद्याचा आधार नाही. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बायकोला माहेराकडून आलेल्या जमिनीवर नवऱ्याला घटस्फोटात हक्क सांगता येत नाही.

हे असेच असले पाहिजे असे नाही, हे शेजारचा गोवा दाखवतो. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार नोंदवला नसेल तर नवराबायकोची मिळकत सामाईक होते आणि वारशाने आलेली मालमत्ताही तिच्यात धरली जाते. इंग्लंडमध्ये वारशाची मिळकत साधारणपणे वाटणीबाहेर ठेवतात, पण मुलांच्या आणि जोडीदाराच्या गरजा त्याशिवाय भागत नसतील तर न्यायालय तिलाही हात घालते. आपल्याकडेही एक प्रयत्न झाला. २०१० साली मांडलेले विवाह कायदे दुरुस्ती विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेने मंजूर केले. नवऱ्याच्या स्थावर मिळकतीत घटस्फोटित पत्नीला वाटा देण्याची तरतूद त्यात होती. वारशाची जमीन प्रत्यक्ष वाटायची नाही, पण बायकोची भरपाई ठरवताना तिची किंमत विचारात घ्यायची, असा मध्यममार्ग त्यात काढला होता. २०१४ साली लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले.

विधेयक गेले तरी त्यातला विचार आजच्या कायद्यात वेगळ्या वाटेने आहे. वारसा घटस्फोटात वाटला जात नसला तरी मोजला जातो, आणि या पुस्तकाचा बराचसा भाग या एका वाक्याचा विस्तार आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायमची पोटगी ठरवताना न्यायालयाने समोरच्याचे उत्पन्न आणि ‘इतर मिळकत’ दोन्ही पाहायची असतात. ही मिळकत स्वतः कमावलेलीच हवी असे कायदा म्हणत नाही. वाटणीत आलेली पाच एकर जमीन बायकोच्या नावावर होणार नाही, पण त्या पाच एकरांवर महिन्याला किती देता येईल हे ठरेल. गरज पडली तर पोटगीचा बोजा त्याच जमिनीवर चढेल आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात त्याची नोंद होईल. कलम २४ आणि २५ खाली नवराही बायकोकडे पोटगी मागू शकतो, हेही लक्षात ठेवावे.

मग प्रश्न उरतो तो मोजणार कसे याचा. नोकरदाराची पगारपावती असते. शेतकऱ्याचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे त्याचे विवरणपत्रही नसते. इथे विदर्भातून गेलेल्या एका खटल्याने मोठे काम केले. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ हे प्रकरण नागपूरच्या कुटुंब न्यायालयात २०१३ साली सुरू झाले. अंतरिम पोटगीचा हुकूम व्हायला २०१५ उजाडले आणि तोही वरच्या न्यायालयांत लढवला गेला. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात देशभरासाठी नियम घालून दिले. दोन्ही पक्षांनी आपली मिळकत आणि देणी शपथेवर सांगायची, आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची. त्या निकालाला शेतकरी पक्षकारांसाठी शपथपत्राचा वेगळा नमुना जोडलेला आहे. जमीन किती आणि त्यात आपला हिस्सा किती, ओलिताची की कोरडवाहू, वर्षभरात कोणती पिके घेतली, फळबाग आहे का, गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या किती आणि त्यांचे उत्पन्न काय, कर्ज किती, हे सगळे त्यात भरावे लागते. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात हा नमुना सगळ्यात उपयोगाचा आणि सगळ्यात कमी माहितीचा कागद आहे.

तो भरून घेतला की पुढचे काम पुराव्याचे. गाव नमुना आठ-अ वरून एका माणसाच्या नावावरची त्या गावातली सगळी जमीन कळते. ई-पीक पाहणीत पेरा दिसतो. पीककर्ज आणि पीकविमा किती क्षेत्रावर काढला ते बँकेच्या कागदात असते. खामगाव, मलकापूर, चिखलीच्या बाजार समितीत माल गेला असेल तर त्याच्या पट्ट्या निघतात. देऊळगाव राजाच्या बाजूला शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बीजोत्पादन चालते. तिथे एकरभर जागेचे उत्पन्न पाच एकर कोरडवाहू सोयाबीनपेक्षा जास्त असू शकते, म्हणून नुसते एकर मोजून भागत नाही.

‘रान बाच्या नावावर हाय’ या उत्तराला स्वतंत्र प्रकरण दिले आहे, कारण हे उत्तर कधी खरे असते आणि कधी नुसती ढाल. वडिलांनी स्वतः विकत घेतलेली जमीन वडिलांचीच असते. ते हयात असेपर्यंत मुलाचा तिच्यात काही हक्क नाही आणि सुनेचा तर नाहीच. एकत्र कुटुंबाची सामाईक जमीन असेल तर मुलाचा हिस्सा जन्मापासून असतो, सातबाऱ्यावर नाव असो वा नसो. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, तिने मालकी ठरत नाही. मात्र आजोबांकडून आलेली प्रत्येक जमीन अशी सामाईक धरता येत नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर वारलेल्या माणसाची स्वतःची मिळकत कलम ८ खाली मुलाला मिळाली, तर ती त्या मुलाची वैयक्तिक मिळकत ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या चंदर सेन प्रकरणात सांगितले. म्हणून जमीन कुटुंबात कधी आली, कुणाकडून आली आणि तो माणूस कधी वारला, या तीन गोष्टी जुन्या फेरफारांवरून काढल्याशिवाय वकिलालाही नक्की उत्तर देता येत नाही.

जमीन लपवण्याच्या युक्त्याही ठरलेल्या आहेत. नोटीस आली की भावाच्या नावे हक्कसोडपत्र किंवा आईच्या नावे बक्षीसपत्र होते. ज्या जमिनीच्या उत्पन्नातून कुणाला पोटगी मिळण्याचा हक्क आहे ती जमीन फुकट दुसऱ्याला दिली, किंवा घेणाऱ्याला त्या हक्काची माहिती होती, तर हक्क त्या जमिनीच्या मागे जातो, असे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ३९ सांगते. मात्र पैसे मोजून, काही माहीत नसताना घेणाऱ्याला त्याची झळ बसत नाही. यासाठी बोज्याची मागणी वेळेत करावी लागते.

आता मुलांकडे वळू, कारण सगळ्यात मोठा गैरसमज त्यांच्या बाबतीत आहे. घटस्फोटाने बायको नवऱ्याची वारस राहत नाही. मूल मात्र बापाचे वारस राहते. ते आईकडे वाढले, आईने दुसरे लग्न केले, बापाने दुसरा संसार थाटला, तरी त्याचा वारसा तुटत नाही. बापाच्या मृत्यूनंतर पहिल्या लग्नाच्या मुलाला आणि दुसऱ्या लग्नाच्या मुलाला सारखा हिस्सा मिळतो. दुसरे लग्न कायद्याने रद्दबातल असले, तरी १ सप्टेंबर २०२३ च्या रेवणसिद्दप्पा निकालानुसार त्या मुलांना बापाच्या हिश्श्यात वाटा आहे. जन्मसिद्ध सहहिस्सेदार मात्र ती होत नाहीत. मुलांना पोसण्याची जबाबदारी कायद्याने आईबाप दोघांवर टाकली आहे, ती कुवतीप्रमाणे वाटून घ्यायची असते.

म्हणून परस्पर संमतीच्या घटस्फोटात ‘एकरकमी घेतले, आता पुढे मुलांसह कसलाच हक्क नाही’ असे जे वाक्य सर्रास लिहून घेतात, त्याचे पहिले अर्धेच टिकते. आई स्वतःपुरते सोडू शकते. मुलाची पोटगी तिला सोडता येत नाही आणि अज्ञान मुलाच्या स्थावर मिळकतीवर पाणी सोडायला न्यायालयाची परवानगी लागते. समजुतीचा कागद करताना मुलांच्या नावाने काय लिहिले आहे, ते दोनदा वाचावे.

घटस्फोट आणि मृत्यू यांतले आधी काय घडते, यावर पुष्कळ काही फिरते. खटला चालू असताना नवरा वारला तर बायको त्याची विधवा ठरते आणि मुलांच्या, सासूच्या बरोबरीने पहिल्या वर्गातली वारस होते. हुकूमनाम्यानंतर महिनाभराने तो वारला तर ती वारस नसते. जिला टाकून दिली, पण कागदोपत्री घटस्फोट झालाच नाही, ती परित्यक्ता वीस वर्षे वेगळी राहिली तरी वारस असते, आणि वारसनोंदीच्या वेळी तिचेच नाव गाळले जाते. जमातीत बसून सोडचिठ्ठी झाली असेल, तर तशी रूढी त्या समाजात खरोखर आहे हे सिद्ध करावे लागते. नुसत्या मुद्रांकावर लिहिल्याने लग्न मोडत नाही. घटस्फोटित बाईला कायमच्या पोटगीचा हुकूम मिळालेला असेल, तर नवऱ्याच्या मृत्यूनंतर तो त्याच्या मागे राहिलेल्या मिळकतीवर बजावता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली अरुणा बसू मलिक प्रकरणात ठरवले. थकबाकी मात्र साचू देऊ नये. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली आणि १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली मिळालेली पोटगी थकली, तर ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो.

इथवर सगळे सासरच्या रानाबद्दल झाले. माझ्या मते या पुस्तकाचे खरे मर्म माहेरच्या प्रकरणात आहे. सून म्हणून बाईला जमीन मिळत नाही, मुलगी म्हणून मिळते. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना सहहिस्सेदार केले, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. केंद्राच्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीत ही अट राहिली नाही. वडील त्या दिवशी हयात नव्हते म्हणून हक्क नाही, हा वादही ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने मिटवला. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकमाने पक्की झालेली वाटणी तेवढी सुरक्षित राहिली. म्हणजे जी बाई सासरी पोटगीसाठी चार-चार वर्षे तारखा खाते, तिचा कायदेशीर हिस्सा पंधरा-वीस कोसांवर भावाच्या वहितीत पडून असतो. किंवा असायचा, कारण वडिलांच्या तेरवीनंतर फेरफाराच्या वेळी तिने हक्कसोडपत्र करून दिलेले असते. त्याला मुद्रांक नाममात्र लागतो. ‘भावाशी वैर नको’, ‘माहेर तुटू नये’, ‘दिवाळीला साडीचोळी तरी होईल’ ही कारणे खोटी नसतात. पण संसार मोडून ती परत येते तेव्हा त्याच माहेरी ती पाहुणी असते, आणि पाहुणीचे दिवस मोजलेले असतात.

माहेरची जमीन हाती असेल तर पोटगी बुडते, अशी भीती घालतात. न्यायालय तिचेही उत्पन्न मोजते हे खरे. पण दोन एकर कोरडवाहू आहे म्हणून नवऱ्याची जबाबदारी संपत नाही, आणि मुलांची तर मुळीच नाही. ती जमीन सासरच्या हाती जाईल ही भावांची भीतीही अर्धीच खरी आहे. बाई मृत्युपत्र न करता वारली आणि मागे मुले-नातवंडे नसतील, तर वडिलांकडून आलेली मिळकत वडिलांच्या वारसांकडे परत जाते.

सासरच्या बाजूने जमीन बाईच्या नावावर करण्याची चळवळही या महाराष्ट्रात झाली आहे. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या नेतृत्वाखाली ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम घेतला. नवऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन करावी असे आवाहन होते आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या गावांनी त्याला प्रतिसाद दिला. १९९२ साली शासनाने परिपत्रक काढून, नवऱ्याच्या हयातीत त्याच्या अर्जावरून बायकोचे नाव सहधारक म्हणून लावायची सोय केली. सोय चांगली आहे, पण ती नवऱ्याच्या मर्जीवर चालते आणि मर्जी फिरल्यावरच बाईला तिची गरज पडते. याउलट, पूर्वी विधवेला किंवा टाकलेल्या बाईला ‘चोळीबांगडीसाठी’ म्हणून जे रान तोडून देत आणि तिच्यामागे ते परत घेत, त्याबाबत कायदा बाईच्या बाजूने ठाम आहे. पोटगीच्या हक्कापोटी मिळालेली जमीन हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ खाली तिच्या पूर्ण मालकीची होते, असे १९७७ च्या तुलसम्मा निकालाने सांगितले.

अलीकडे या जिल्ह्यात जुन्या प्रश्नाला रोख रकमेचे रूप आले. समृद्धी महामार्ग देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहकर, लोणारच्या शिवारातून गेला. पूर्णेवरच्या जिगाव प्रकल्पासाठी नांदुऱ्याच्या बाजूची गावे आणि शेते संपादित झाली. पिढ्यान्‌पिढ्या न वाटलेली जमीन संपादनात जाते तेव्हा तिची वाटणी एका धनादेशाने होते, आणि तो धनादेश ज्यांची नावे कागदावर आहेत त्यांच्याकडे जातो. बहिणीचे नाव नसेल किंवा आईकडे राहणाऱ्या मुलाचे नसेल, तर हरकत मोबदला वाटप होण्याआधी नोंदवावी लागते. जमीन जागेवर राहते, रक्कम राहत नाही. पोटगीच्या दाव्यातही हा मोबदला मिळकत म्हणून शपथपत्रात दाखवावा लागतो.

वर सांगितलेले बरेचसे नियम हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू आहेत. मुस्लिम कायद्यात जन्माने हिस्सा नसतो, वारसा मृत्यूनंतरच उघडतो. घटस्फोटित पत्नीसाठी १९८६ चा कायदा आहे आणि त्यातली तरतूद इद्दतीपुरती नसून पुढच्या आयुष्यासाठी असावी, असा अर्थ २००१ च्या दानियल लतीफी निकालाने लावला. जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या सातपुडा पायथ्याच्या आदिवासी गावांना हिंदू उत्तराधिकार कायदा आपोआप लागू नाही. तिथे रूढी पाहावी लागते. पण मुलीला वगळणारी रूढी सिद्ध झाली नाही तर तिला समान हिस्सा द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटले आहे. या दोन्ही बाबींवर पुढे स्वतंत्र प्रकरणे आहेत.

पुस्तक वकिलांसाठी लिहिलेले नाही. तलाठ्याकडे, तहसीलला आणि कोर्टाच्या पायरीवर जी माणसे खेटे घालतात त्यांच्यासाठी ते आहे. म्हणून प्रत्येक प्रकरणाची सुरुवात कागदापासून होते: कोणता उतारा काढायचा, कुठे मिळतो, त्यात काय पाहायचे. कलमे नंतर येतात. पोटगीचा दावा चालू असेल त्यांनी शेतकऱ्याच्या शपथपत्राचे प्रकरण आधी उघडावे. संमतीने वेगळे होत असलेल्यांनी मुलांच्या हक्कांचे. नवऱ्यांनाही हे पुस्तक वाचावेसे वाटेल, कारण जी जमीन खरोखर त्यांची नाही तिच्यावर पोटगी ठरू नये यासाठी काय दाखवायचे, तेही इथे दिले आहे. आणि वडिलांचे दिवस झाल्यावर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात भावाच्या दस्तावर सही करायला निघालेल्या मुलीने माहेरचे प्रकरण सही करण्याआधी वाचावे. भावाला द्यायचे तर तिने खुशाल द्यावे, पण आपण काय देतो आहोत ते मोजून द्यावे. तेवढे एक प्रकरण वेळेवर वाचले, तर बाकीच्या पुस्तकाची गरज तिला पडली तरी रिकाम्या हाताने पडणार नाही.